जॅकी आणि रॉय : जॅझमधील एका दांपत्याच्या युगलगायनाचा समीक्षात्मक विचार

प्रस्तावना

जॅझचा इतिहास प्रामुख्याने एकेका थोर कलावंताचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. लुई आर्मस्ट्राँग, बिली हॉलिडे, चार्ली पार्कर, माइल्स डेव्हिस, जॉन कोलट्रेन अशी नावांची मालिका उभी करून तिच्या आधारे कालखंड पाडण्याची पद्धत रूढ आहे. एखाद्याला 'स्वतःचा आवाज' सापडला असे म्हणणे ही या क्षेत्रातील सर्वोच्च प्रशस्ती मानली जाते. चार स्वर कानी पडताच वादक कोण हे ओळखता यावे, इतके त्याचे वेगळेपण ठळक असावे अशी अपेक्षा असते. ज्या कलेत व्यक्तिविशिष्टतेला एवढे मोल आहे, त्या कलेत आपला आवाज दुसऱ्याच्या आवाजात मिळवण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या कलावंतांचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावयाचे, हा प्रश्न समीक्षेने क्वचितच विचारला आहे.

अमेरिकेतील जॅकी केन (२२ मे १९२८ – १५ सप्टेंबर २०१४) आणि रॉय क्राल (१० ऑक्टोबर १९२१ – २ ऑगस्ट २००२) या दांपत्याची कारकीर्द हा प्रश्न टाळू देत नाही. १९४६ साली शिकागोत प्रथम एकत्र आलेले हे दोन कलावंत जून १९४९ मध्ये विवाहबद्ध झाले आणि रॉय यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे साडेपाच दशके, 'जॅकी अँड रॉय' या नावाने एकत्र गात राहिले. दोघेही गायक, रॉय त्याशिवाय पियानोवादक, स्वररचनाकार आणि संगीतसंयोजक. जॅझच्या इतिहासग्रंथांत त्यांचा उल्लेख आढळतो, परंतु तो बहुधा 'रसिक आणि चतुर जोडपे' अशा एखाद्या ओळीत आटोपतो. त्यांच्या दीर्घ वैवाहिक जीवनाचे कौतुक अधिक होते आणि गाण्याचे विश्लेषण कमी.

त्यांच्या बाबतीत सहजीवन हा गाण्याचा विषय नसून गाण्याचे तंत्र आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. या तंत्राने जॅझमधील गायिकेच्या दुय्यम स्थानाला एक पर्याय दिला. त्याच तंत्राने या जोडीला काही मर्यादाही घातल्या. दोन्ही बाजूंचा विचार केल्याखेरीज या कारकिर्दीचे न्याय्य मूल्यमापन होऊ शकत नाही.

'गर्ल सिंगर'चे स्थान

या जोडीचे वेगळेपण समजून घेण्यासाठी १९३० व १९४० च्या दशकांतील अमेरिकन वाद्यवृंदांची रचना लक्षात घ्यावी लागते. त्या काळातील मोठ्या वाद्यवृंदांत पंधरा-सोळा पुरुष वादक आणि एक तरुण गायिका असा ताफा असे. या गायिकेला 'गर्ल सिंगर' म्हटले जाई. सुंदर पोशाख करून तिने मंचाच्या कडेला खुर्चीवर बसावे, पाळी आल्यावर ध्वनिक्षेपकासमोर येऊन एक कडवे म्हणावे आणि पुन्हा जागेवर जाऊन बसावे, असा संकेत होता. वादक तिच्याकडे संगीतज्ञ म्हणून पाहत नसत. बिली हॉलिडे, एला फिट्झजेराल्ड यांच्यासारख्या गायिका याच व्यवस्थेतून पुढे आल्या, परंतु व्यवस्थेचा मूळ गृहीतार्थ बदलला नाही. गायिका आकर्षणासाठी आणि वादक संगीतासाठी, अशी ती विभागणी होती.

जॅकी आणि रॉय यांची पहिली भेट या गृहीतार्थाच्या छायेतच झाली. शिकागोतील जम्प टाउन या क्लबमध्ये रॉय एका चौकडीत पियानो वाजवत असताना किशोरवय नुकतेच ओलांडू पाहणाऱ्या जॅकीला गाण्याची संधी द्यावी, असे सुचवण्यात आले. गायिकांना साथ करण्याविषयी रॉय यांच्या मनात फारसा उत्साह नव्हता. तिचे गाणे ऐकल्यावर मात्र त्यांचे मत बदलले. पुढे विवाहात परिणत झालेल्या नात्याचा आरंभ साथीदाराच्या नाखुशीतून झाला, या गोष्टीत चरित्रात्मक गंमत आहेच, पण त्याहून अधिक महत्त्व तिच्यातील व्यावसायिक वास्तवाला आहे. ही नाखुशी एका व्यक्तीची नव्हती, ती एका पेशाची होती.

या पार्श्वभूमीवर जोडीने पुढे घेतलेले नावही अर्थपूर्ण ठरते. 'जॅकी अँड रॉय' या नावात आडनाव नाही, पतीचे नाव पुढे नाही आणि गायिका व तिचा वाद्यवृंद अशी उतरंडही नाही. व्यावसायिक जीवनात जॅकी यांनी आपले केन हे मूळ आडनाव कायम ठेवले. नावाच्या मांडणीवरून कलेविषयीचे निष्कर्ष काढणे नेहमीच सुरक्षित नसते, परंतु येथे नावातील समता गाण्याच्या बांधणीतही उतरलेली दिसते.

एकस्वराचे तंत्र

१९४८ साली सॅक्सोफोनवादक चार्ली व्हेंच्युरा यांच्या संचात ही दोघे दाखल झाली. तो बॉप या नव्या जॅझशैलीचा काळ होता. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी या कृष्णवर्णीय कलावंतांनी तिला रूप दिले होते. वेगवान लय, अनपेक्षित वळणे घेणारी स्वरवाक्ये आणि गुंतागुंतीची स्वरसंगती यांमुळे सामान्य श्रोत्याला ती दुर्बोध वाटत असे. व्हेंच्युरा यांनी 'बॉप फॉर द पीपल' हे घोषवाक्य घेऊन ही शैली सर्वसामान्यांपर्यंत नेण्याचा प्रयत्न केला. या प्रयत्नात जॅकी व रॉय यांच्या आवाजांवर त्यांनी एक नवे काम सोपवले.

हे काम म्हणजे आवाजाचा वाद्यासारखा उपयोग. 'ईस्ट ऑफ सुएझ'सारख्या रचनांत दोघे शब्दांऐवजी निरर्थक अक्षरे घेऊन सॅक्सोफोन, ट्रम्पेट यांच्या बरोबरीने मुख्य धून गातात. जॅझमध्ये या प्रकाराला 'स्कॅट' म्हणतात. मराठी वाचकाला येथे तराण्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोन्हीकडे शब्दार्थ बाजूला सारून अक्षरांचा उपयोग लय आणि नाद यांसाठी केला जातो. मात्र स्कॅट ही मुख्यतः एकट्या गायकाने आयत्या वेळी करावयाची उपज मानली जात होती. आर्मस्ट्राँग यांनी ती रूढ केली आणि एला फिट्झजेराल्ड यांनी तिला अजोड कौशल्याची पातळी दिली. दोन आवाजांनी मिळून बॉपच्या शैलीत गाण्याचा प्रयोग डेव्ह लॅम्बर्ट आणि बडी स्ट्युअर्ट यांनी जीन क्रुपा यांच्या वाद्यवृंदात १९४५ साली केला होता. म्हणजे जॅकी व रॉय हे या कल्पनेचे जनक नव्हेत. स्त्री व पुरुष आवाजांच्या जोडीतून तिला स्थिर, दीर्घकाळ टिकणारे रूप देणे, ही त्यांची कामगिरी होय.

या तंत्राचे घटक वेगळे करून पाहता येतात. पहिला घटक स्वरकंपनाचा. पाश्चात्त्य गायनात लांबवलेल्या स्वराला कंप देण्याची सवय सार्वत्रिक आहे, पण प्रत्येक कंठाचा कंप निराळा असतो. दोन आवाज एका स्वरावर आले आणि दोघांचे कंप भिन्न राहिले, तर तो स्वर डहुळतो. जॅकी आणि रॉय यांनी हा कंप जवळजवळ वर्ज्य केला. त्यामुळे त्यांचा स्वर सरळ, स्वच्छ आणि काहीसा थंड लागतो. दुसरा घटक उच्चाराचा. व्यंजन केव्हा संपते आणि स्वर केव्हा सुरू होतो, याविषयी दोघांत इतकी एकवाक्यता आहे की वेगवान स्वरवाक्यातही अक्षरांच्या कडा विस्कटत नाहीत. तिसरा घटक श्वासाचा. लांब पल्ल्याच्या स्वरवाक्यात श्वास कोठे घ्यावयाचा हे आधी ठरलेले नसेल, तर जोडगायन तुटते. रॉय एकाच वेळी पियानो वाजवत आणि गात असल्याने हे अधिकच अवघड होते.

मे १९४९ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे झालेल्या व्हेंच्युरा यांच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. बेनी ग्रीन, कॉन्टी कॅन्डोली, बूट्स मुसुली, एड शॉनेसी अशा वादकांच्या संचात ही दोघे कोठे बसतात, याची कल्पना त्यावरून येते. येथे गायिका कडेच्या खुर्चीवरून उठून एक कडवे म्हणण्यासाठी आलेली नाही. ती वाद्यमेळातील एक पाते आहे. तिने स्वर चुकवला तर केवळ गाणे बिघडणार नाही, संचाची सगळी बांधणी डळमळेल. 'गर्ल सिंगर'च्या संकेताला मिळालेले हे उत्तर घोषणेतून आलेले नाही, ते संगीताच्या रचनेतून आलेले आहे.

येथे जुगलबंदीशी तुलना करण्याचा मोह होतो, परंतु ती दिशाभूल करणारी ठरेल. जुगलबंदीत दोन स्वतंत्र कलावंत समोरासमोर उभे असतात. एकाने मांडलेल्या कल्पनेला दुसरा उत्तर देतो, प्रसंगी तीवर मात करतो आणि श्रोत्याचा आनंद या चढाओढीतही असतो. जॅकी व रॉय यांच्या गायनात सवाल-जवाबाचे प्रसंग आहेत, पण त्यांची ओळख मात्र समाईक स्वरात आहे. उपज आणि उत्स्फूर्तता यांच्याइतकेच पूर्वनियोजन आणि परस्परांवरील भरवसा यांनाही जॅझमध्ये सौंदर्यमूल्य असू शकते, असे हे गायन सुचवते.

मंचावरील दांपत्य

गाणारे पतिपत्नी म्हटले की श्रोत्याला त्यांच्या संसारात डोकावण्याची उत्सुकता असते आणि मनोरंजनाचा व्यवसाय ती उत्सुकता पुरवतो. या संदर्भात समकालीन असलेल्या लुई प्रिमा आणि कीली स्मिथ या जोडीचे उदाहरण उद्बोधक आहे. १९५३ साली विवाहबद्ध झालेल्या या दोघांनी लास व्हेगासमध्ये अफाट लोकप्रियता मिळवली. त्यांच्या 'दॅट ओल्ड ब्लॅक मॅजिक' या ध्वनिमुद्रणाला १९५९ मधील पहिल्यावहिल्या ग्रॅमी सोहळ्यात पुरस्कार लाभला. मंचावर प्रिमा माकडचेष्टा करत, आरोळ्या ठोकत आणि कीली स्मिथ निर्विकार चेहऱ्याने उभ्या राहत. उतावळा नवरा आणि ढिम्म बायको हे नाट्य गाण्याइतकेच लोकांना प्रिय होते. त्यांचे दांपत्य हा प्रयोगाचा विषयच होता. १९६१ साली त्यांचा घटस्फोट झाला आणि ही जोडी मंचावरूनही संपली.

जॅकी आणि रॉय यांनीही १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात लास व्हेगासमध्ये कार्यक्रम केले. त्यांच्याही कार्यक्रमांत विनोद होता, खेळकरपणा होता. पण त्यांनी पतिपत्नींच्या भांडणाचे वा लाडीगोडीचे प्रहसन उभे केले नाही. दोघांनी मिळून एखादे प्रेमगीत गायले, तरी ते परस्परांना उद्देशून केलेले निवेदन वाटत नाही. दोघे शेजारी उभे राहून एकाच गोष्टीकडे पाहत आहेत, असा भास होतो. युगलगीताच्या रूढ कल्पनेत 'तो' आणि 'ती' अशा दोन भूमिका असतात. हे दोघे अनेकदा त्या भूमिका घेतच नाहीत; गीताचा निवेदक एकच असतो आणि त्याला दोन कंठ लाभलेले असतात. दांपत्याचे प्रदर्शन टाळल्यामुळे त्यांना प्रिमा-स्मिथ यांच्यासारखी लोकप्रियता मिळाली नाही. परंतु त्यांचे गाणे त्या नाट्याच्या टवटवीवर अवलंबूनही राहिले नाही. त्यांच्या टिकाऊपणाचे हे एक महत्त्वाचे कारण मानता येईल.

युगलातील एकल स्वर

समाईक स्वराचे एवढे विवेचन केल्यावर या जोडीच्या सर्वांत महत्त्वाच्या गाण्यांपैकी एक मुख्यतः जॅकी यांच्या एकल आवाजाचे आहे, ही गोष्ट वरवर विरोधाभासी वाटेल. गीतकार फ्रॅन लँड्समन आणि संगीतकार टॉमी वूल्फ यांचे 'स्प्रिंग कॅन रिअली हँग यू अप द मोस्ट' हे गीत जॅकी व रॉय यांनी १९५५ च्या सुमारास प्रथम ध्वनिमुद्रित केले. टी. एस. एलियट यांच्या 'द वेस्ट लँड' (१९२२) या दीर्घकाव्याच्या प्रारंभीची कल्पना, म्हणजे वसंतातला महिना निर्दय असतो ही भावना, जॅझ क्लबांतील बोलीत सांगायची झाल्यास कशी सांगता येईल, या खेळातून या गीताचा जन्म झाला. पुढे एला फिट्झजेराल्ड यांनी १९६१ साली ते गायले आणि आज ते जॅझगायिकांच्या भांडारातील एक कसोटीचे गीत मानले जाते.

या गीताची चाल दीर्घ आहे, स्वरांच्या उड्या अवघड आहेत आणि शब्द उपरोधाने भरलेले आहेत. दुःख थेट बोलून न दाखवता थट्टेच्या आवरणाखाली ठेवायचे आणि तरीही ते थट्टेत हरवू द्यायचे नाही, हे आव्हान गायिकेपुढे असते. जॅकी यांचा सरळ, अकंप स्वर येथे वेगळ्या अर्थाने उपयोगी पडतो. जोडगायनात मिसळून जाण्यासाठी कमावलेला तो साधेपणा एकल गीतात भावनेचा संयम बनतो. रॉय यांचा पियानो तिच्या मागे येत नाही आणि पुढेही जात नाही. स्वरवाक्य संपल्यावरच्या मोकळ्या जागेत तो मोजके बोलतो. एकत्र गाण्याने घडवलेली शिस्त एकटीच्या गाण्यातही कशी प्रकट होते, याचा हा पुरावा होय.

या संदर्भात रॉय यांच्या धाकट्या भगिनी आयरीन क्राल (१९३२–१९७८) यांचे ध्वनिमुद्रण शेजारी ठेवून ऐकण्यासारखे आहे. पियानोवादक ॲलन ब्रॉडबेंट यांच्या एकट्याच्या साथीने त्यांनी केलेल्या 'व्हेअर इज लव्ह?' या १९७० च्या दशकाच्या मध्यावरील अल्बममध्ये हेच गीत आहे. तेथे लय अत्यंत संथ आहे आणि एकाकीपणा हाच सबंध अल्बमचा स्थायीभाव आहे. जॅकी यांच्या गायनात मात्र एकटेपणाचे वर्णन असूनही शेजारी कोणीतरी आहे ही जाणीव लोपत नाही. आयरीन क्राल यांचे गायन अधिक खोल उतरते, असे मत कोणी नोंदवल्यास ते खोडणे कठीण आहे. पण दोन्ही गायनांची प्रतिज्ञाच वेगळी आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे.

बदलता बाजार आणि 'अ वाइल्डर एलियस'

१९६० च्या दशकात रॉक संगीताच्या लाटेने जॅझचा श्रोता आणि जॅझचे क्लब दोन्ही घटले. जॅकी आणि रॉय यांनी या काळात जाहिरातींची जिंगल्स गाऊन उदरनिर्वाह केला. दोन आवाजांचा काटेकोर मेळ आणि स्वच्छ उच्चार हे त्यांचे गुण जाहिरातींच्या उद्योगाला नेमके हवे होते, हा एक बोलका योगायोग आहे. ध्वनिमुद्रिकांच्या क्षेत्रातही त्यांना वारंवार कंपनी बदलावी लागली. स्टोरीव्हिल, एबीसी-पॅरामाउंट, कोलंबिया, व्हर्व्ह, कॅपिटॉल, सीटीआय, काँकॉर्ड ही नावांची यादी त्यांच्या चिकाटीची आहे, तशीच ती अस्थैर्याचीही आहे. आंद्रे व डोरी प्रेव्हिन यांच्या गीतांचा 'लाइक सिंग', ब्राझीलच्या बोसा नोव्हाचे वळण घेणारी काही गाणी, बीटल्सच्या गीतांना जागा देणारा १९६८ मधील 'ग्रास', असे अनेक प्रयोग त्यांनी केले. यांतील काही प्रयोग काळाबरोबर राहण्याच्या धडपडीतून आलेले आहेत आणि ती धडपड ऐकू येते. 'ग्रास'मधील गाण्यांत नव्या पिढीच्या संगीताबद्दलचे कुतूहल प्रामाणिक असले, तरी त्या गीतांतील खडबडीतपणा या दोघांच्या घोटीव आवाजात नाहीसा होतो.

१९७३ हे वर्ष या कुटुंबासाठी आघाताचे ठरले. त्यांच्या दोन कन्यांपैकी निकी हिचा मोटार अपघातात मृत्यू झाला. १९७४ च्या सुमारास सीटीआय या कंपनीतर्फे 'अ वाइल्डर एलियस' हा अल्बम प्रसिद्ध झाला. त्यात 'निकीज साँग' आणि 'वॉल्ट्झ फॉर डॅना' या दोन्ही कन्यांच्या नावांच्या रचना आहेत. अल्बमच्या नावात त्यांचे स्नेही, संगीतकार ॲलेक वाइल्डर यांच्या नावावरील श्लेष आहे. जो फॅरेल, ह्यूबर्ट लॉज, स्टीव्ह गॅड अशा वादकांचा सहभाग आणि शब्दरहित गायनाला दिलेले प्राधान्य यांमुळे हा त्यांचा सर्वांत महत्त्वाकांक्षी अल्बम ठरतो.

चरित्रातील घटनेचे पडसाद रचनेत शोधण्याचा सोपा मार्ग समीक्षेने येथे टाळावा. गाण्याचे मोल त्यामागील शोकावरून ठरत नाही. परंतु एका गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही. व्हेंच्युरा यांच्या संचात शब्दरहित गायन हा तारुण्याचा खेळ होता, चपळाईचे प्रदर्शन होते. पंचवीस वर्षांनंतर त्याच तंत्राचा आशय बदललेला आहे. शब्द नाहीत, कारण येथे शब्दांची आवश्यकता उरलेली नाही. दोन आवाज कधी एका स्वरावर येतात, कधी अलग होऊन वेगवेगळ्या उंचीवर फिरतात आणि पुन्हा भेटतात. एकत्र येण्याइतकेच अलग होणेही येथे अर्थपूर्ण झाले आहे. तंत्र तेच राहून त्यातील अनुभव प्रौढ होणे, ही दीर्घ कारकिर्दीलाच शक्य असणारी गोष्ट आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी 'ईस्ट ऑफ सुएझ' याच नावाचा अल्बम काढून आपल्या पहिल्या यशाकडे पुन्हा पाहिले. पुढे साय कोलमन, ॲलन जे लर्नर आणि ॲलेक वाइल्डर यांच्या गीतांना वाहिलेले अल्बम करून त्यांनी अमेरिकन गीतपरंपरेच्या जतनकर्त्यांची भूमिकाही स्वीकारली.

आक्षेप आणि मर्यादा

या जोडीवर घेता येण्याजोगे तीन आक्षेप गंभीर आहेत.

पहिला आक्षेप असा की हे संगीत अतिशय स्वच्छ आहे. जॅझच्या मुळाशी कृष्णवर्णीयांचा इतिहास आहे. ब्लूजमधील वेदना, गळ्यातील खर, स्वराला मुद्दाम दिलेली वाकणी हे त्या इतिहासाचे श्राव्य अवशेष आहेत. जॅकी आणि रॉय यांच्या गोऱ्या, नागरी, सुखवस्तू शैलीत हे अवशेष पुसट होतात. 'लोकांसाठी बॉप' या घोषणेतील 'लोक' कोण, हा प्रश्नही त्यातून उद्भवतो. हा आक्षेप बऱ्याच अंशी ग्राह्य आहे. मात्र या दोघांनी कृष्णवर्णीय गायकांच्या लकबींची नक्कल केली नाही, हेही नोंदवायला हवे. त्यांनी बॉपची स्वररचना उचलली आणि ती स्वतःच्या उच्चारात मांडली.

दुसरा आक्षेप धोक्याच्या अभावाचा. जॅझच्या श्रोत्याला पुढच्या क्षणी काय होईल याची उत्कंठा हवी असते. पूर्वनियोजित जोडगायनात ही उत्कंठा कमी होते. काही ध्वनिमुद्रणांत चातुर्य एवढे पुढे येते की गाणे चमकते, पण भिडत नाही. १९५७ साली आकाराला आलेल्या लॅम्बर्ट, हेंड्रिक्स अँड रॉस या त्रयीशी तुलना केल्यास हे जाणवते. तेथे तीन भिन्न व्यक्तिमत्त्वे एकमेकांना धक्के देत गातात. येथे धक्के शोषून घेतले जातात.

तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक आहे. या भागीदारीत संयोजन आणि पियानो दोन्ही रॉय यांच्याकडे होते. मग समता खरी किती? शिवाय जॅकी यांचा आवाज एकल गायिका म्हणून स्वतंत्र कारकीर्द घडवण्याइतका समर्थ होता, याची साक्ष त्यांची एकल गीतेच देतात. जोडीत राहण्याची किंमत त्यांनी अधिक मोजली का? या प्रश्नाचे उत्तर आकडेमोडीने देता येणार नाही. एवढे मात्र म्हणता येते की त्या काळात एकल गायिकेला उपलब्ध असलेले स्वातंत्र्य व्यवस्थापक, ध्वनिमुद्रण कंपन्या आणि क्लबमालक यांच्या मर्जीने बांधलेले होते. जोडीतील गायिकेला निदान रोजच्या संगीतविषयक निर्णयांत सहभाग होता. जॅकी यांना वाद्याच्या तोडीचे काम देणारी संयोजने रॉय यांनीच बांधली, आणि ती संयोजने जॅकी यांच्या कंठाखेरीज अस्तित्वात येऊ शकली नसती. ही पूर्ण समता नव्हे, परंतु उपकारही नव्हे. परस्परावलंबन हा शब्द तिला अधिक जवळचा आहे.

पुढच्या पिढीतील टक अँड्रेस आणि पॅटी कॅथकार्ट या दांपत्याने, 'टक अँड पॅटी' या नावाने, १९८८ मधील 'टिअर्स ऑफ जॉय' या अल्बमपासून जागतिक कीर्ती मिळवली. तेथे पत्नी गाते आणि पती केवळ गिटार वाजवतो. दोघांची क्षेत्रे स्वतंत्र असल्याने एकाला दुसऱ्यात विलीन व्हावे लागत नाही. हा मार्ग कदाचित अधिक सुरक्षित आहे. दोघांनीही एकाच साधनाने, म्हणजे कंठाने, व्यक्त व्हायचे आणि तरी एकमेकांना झाकायचे नाही, हा जॅकी आणि रॉय यांचा मार्ग अधिक बिकट होता, हे या तुलनेवरून उमगते.

समारोप

जॅकी आणि रॉय यांना जॅझच्या सर्वोच्च प्रतिभावंतांच्या रांगेत बसवण्याचा आग्रह धरणे योग्य होणार नाही. परंतु ती रांग लावणारा निकषच एकांगी आहे, हे दाखवून देण्यासाठी त्यांची कारकीर्द पुरेशी आहे. वेगळेपणाचे मोजमाप करणारी समीक्षा मिळून जाण्याचे कौशल्य मोजू शकत नाही. म्हणून ती अशा कलावंतांपुढे 'गोड', 'चतुर', 'रसिक' अशी विशेषणे ठेवून पुढे निघून जाते. आवाजातील कंप सोडणे, दुसऱ्याच्या श्वासाबरोबर श्वास घेणे, स्वतःचे अक्षर दुसऱ्याच्या अक्षरापाशी थांबवणे या क्रिया बाहेरून त्यागासारख्या दिसतात. त्यांच्या गाण्यात त्या शिल्प बनून येतात.

त्याचबरोबर हे शिल्प विनामूल्य नव्हते. त्याने गाण्यातील धोका कमी केला, काही वेळा भावनेची धार बोथट केली आणि एका समर्थ गायिकेची स्वतंत्र वाट बंद ठेवली. यश आणि किंमत यांचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो. २००२ साली रॉय यांचे निधन झाल्यावर जॅकी बारा वर्षे हयात होत्या, पण 'जॅकी अँड रॉय' ही कलाकृती त्या दिवशी संपली होती. दोघांपैकी कोणाही एकाला ती पुढे चालवता येण्यासारखी नव्हती. समाईक स्वर हा दोघांपैकी कोणाच्याच मालकीचा नसतो, ही त्याची मर्यादा आहे आणि त्याचे मोलही त्यातच आहे.